मॅडम, हे बोललेलं जातं कुठं?

"मॅडम, तुम्ही फोनमधी बोलताय, ते जातं कुठं?"

माझ्या ऑफिसात समोर बसलेल्या एका पक्षकार बाईंनी हे विचारलं, त्याला आता वर्ष होत आलं. त्या कोण, कुठल्या, हे अर्थातच सांगणार नाही. लग्नानंतरच्या अठरा वर्षांत काय काय सोसलं ते त्यांनी नुकतंच सांगितलं होतं. त्या पाणी प्यायला थांबल्या, तेवढ्यात मी कीबोर्डवरचा माईक दाबून मुद्दे बोलून टिपून घेत होते. त्यांचा प्रश्न साधा होता, आवाजात संशयही नव्हता. पण मला उत्तर देता आलं नाही. "फोनमध्येच राहतं हो," असं म्हणून मी पुढे गेले, आणि ते वाक्य मला घरी जाईपर्यंत टोचत राहिलं. कारण ते खरं आहे की नाही हे मलाच माहीत नव्हतं.

माझ्या उजव्या मनगटात नस दबते. डॉक्टरांनी कार्पल टनेल सांगितलंय. पाच-सहा ओळी टाईप केल्या की अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत मुंग्या येतात, दहा ओळींनंतर पेन धरवत नाही. वकिली सातारा जिल्ह्यात, आणि कामं बहुतेक कौटुंबिक: पोटगी, घटस्फोट, मुलांचा ताबा, कौटुंबिक हिंसाचाराचे अर्ज. आपल्याकडे जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. त्यामुळे लिहायचं ते मराठीत, आणि रोज पानंच्या पानं. बोलून टाईप करायची सोय आहे म्हणून माझी वकिली चालू आहे.

त्या रात्री जेवणं झाल्यावर फोन विमान मोडवर टाकला आणि माईक दाबून बघितला. इंग्रजी निवडून बोलले, अक्षरं उमटली. मराठी निवडून बोलले, तर इंटरनेट तपासा असा संदेश आला. तीन वेळा करून पाहिलं, तीनदा तेच. म्हणजे इंग्रजीतून बोलणाऱ्या वकिलाचं बोलणं त्याच्या फोनमध्येच राहू शकत होतं, आणि माझ्या पक्षकारांचं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर जाऊन, अक्षरं होऊन परत येत होतं. वाटेत त्याचं काय होतं, किती दिवस राहतं, हे सांगणारं माझ्या समोर कुणीच नव्हतं. त्या एका विमान मोडच्या प्रयोगाने मला जेवढा धक्का बसला, तेवढा कुठल्याच बातमीने बसला नव्हता.

वकिलाला पक्षकाराने सांगितलेलं बाहेर सांगता येत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम १२६ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ आहे. पक्षकाराने स्वतः उघड संमती दिल्याशिवाय माझं तोंड बंद. "आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" असं मला अनेक जण म्हणतात, त्यात वकीलही आहेत. माझ्याकडे नसेलही. पण त्या बाईंनी सांगितलेलं माझं नाहीच, ते माझ्याकडे ठेव म्हणून आहे. दुसऱ्याच्या ठेवीबद्दल "एवढं काय त्यात" म्हणायचा अधिकार मला कुणी दिला? केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी एआय वापराचं धोरण काढलं, त्यात मान्यता नसलेली क्लाऊडवरची, म्हणजे दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चालणारी, साधनं टाळा असं सांगितलं आहे. तिथे हा विचार झाला, याचं मला फार बरं वाटलं.

मी वकिली सुरू केली तेव्हा कोर्टाच्या आवारात टायपिस्ट बसायचे. पत्र्याखाली टेबल, त्यावर मशीन, कागदांच्या मधे कार्बन. आपण बाजूला स्टुलावर बसून मजकूर सांगायचा, ते ठोकत जायचे. तेव्हाही पक्षकाराची गोष्ट तिसऱ्याच्या कानावर पडायचीच, हे मला मान्य आहे. पण त्या तिसऱ्याला मी ओळखत होते. ते कुठे राहतात माहीत होतं, आणि फार नाजूक मजकूर असला तर "अण्णा, हे इथंच राहू द्या" म्हटलं की ते मान हलवायचे आणि खरंच तिथंच राहायचं. कार्बनचा कागदसुद्धा मी मागून घ्यायचे. आता ऐकणाऱ्याला काही सांगायची सोयच उरलेली नाही.

आणि ऐकणारी माणसं नसतातच असंही नाही. जुलै २०१९ मध्ये बेल्जियमच्या व्हीआरटी या सार्वजनिक वाहिनीने दाखवून दिलं की गूगल असिस्टंटने टिपलेलं लोकांचं बोलणं कंत्राटी माणसं ऐकत होती. वाहिनीच्या हाती हजाराहून जास्त ध्वनिफिती आल्या होत्या. त्यांतल्या काही तर असिस्टंटला कुणी हाक मारलेली नसताना टिपलेल्या, अगदी घरातल्या खासगी बोलण्याच्या. कंपनीचं म्हणणं होतं की भाषेचे जाणकार थोड्याशाच ध्वनिफिती ऐकतात, आणि तेही यंत्राला ती भाषा नीट कळावी म्हणून. हे वाचताना मी थांबले. ती डच भाषा होती. भाषा जितकी लहान, तितकं यंत्राला शिकवायला माणसाने ऐकण्याची गरज जास्त. मराठी बोलणाऱ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावं.

ऑगस्ट २०१७ आठवतो का? १४ ऑगस्टला गूगलने मराठीसह आठ भारतीय भाषांमध्ये बोलून टाईप करायची सोय जाहीर केली. बरोबर दहा दिवसांनी, २४ ऑगस्टला, पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. दहा दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी हातात आल्या. दोन्ही मला एकदम हव्यात, आणि त्या एकदम मिळत नाहीत.

म्हणून फोन बदलला. भाचा पुण्यात याच क्षेत्रात आहे. तो म्हणाला, "मावशी, ग्राफीनओएस घाल." ही अँड्रॉइडवर बेतलेली, फोन चालवणारी वेगळी व्यवस्था. तेव्हा ती फक्त पिक्सेल फोनवर चालत होती, म्हणजे फोन गूगलचाच घ्यायचा आणि आतली सगळी व्यवस्था बदलायची. वापरलेला पिक्सेल घेतला, एका रविवारी त्याने बसवून दिलं. या व्यवस्थेत गूगलची ॲप आधीपासून नसतात. आणि मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट अशी की कुठलंही ॲप टाकताना त्याला इंटरनेट द्यायचं की नाही, हे तिथेच विचारतात. साध्या फोनवर माईक, कॅमेरा, लोकेशन नाकारता येतं, पण इंटरनेट नाकारायची अशी सोय सहसा नसते. इथे ॲपला माईक दिला आणि इंटरनेट काढून घेतलं की ते ऐकणार, पण बाहेर सांगणार कसं? कीबोर्ड म्हणून हेलीबोर्ड घेतला, तो तर इंटरनेट मागतच नाही. त्यावरचा माईक दाबला की वेगळं टाकलेलं ऑफलाइन ॲप सुरू होतं.

आता खरी कळ. ते ॲप इंग्रजी फार छान लिहितं. मराठीत मी म्हणाले, "अर्जदार वेळोवेळी माहेरी जात होती, तिला नांदवायला जाबदेणार तयार नाही." उमटलं ते असं: "अर्जदार वेलोवेली माहेरी जात होती, तिला नांदवायला जवाब देणार तैयार नहीं." ळ गेला. जाबदेणार म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज असतो तो पक्ष, तो उत्तर देणारा कुणीतरी झाला. आणि वाक्य संपता संपता हिंदीत शिरलं. मी बोलत असताना काहीच दिसत नाही. थांबले की आठ-दहा सेकंद वाट बघायची, मग सगळं एकदम येतं. मधे विचार करायला थांबलं तर न बोललेलं वाक्यही कधी कधी कागदावर येतं. अर्जात न बोललेलं वाक्य म्हणजे काय, हे वकिलाला सांगायला नको. त्यामुळे प्रत्येक ओळ दोनदा वाचते. सुधारताना पुन्हा तेच मनगट.

यामागचं कारण मी शोधून वाचलं. अशी बरीच ऑफलाइन ॲप ओपनएआयच्या व्हिस्पर या, बोलणं ऐकून लिहिणाऱ्या, मॉडेलवर उभी आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं गेलं, आणि त्याबद्दल मला कृतज्ञताच वाटते. ते ६,८०,००० तासांच्या ध्वनीवर शिकवलं. त्यातले सुमारे ४,३८,००० तास इंग्रजीचे. आणि मराठी ऐकून मराठी लिहायला शिकवण्यासाठी? एक तासही भरत नाही. त्यातून ते ध्वनी अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत घेतं, म्हणून ती वाट बघणं. आणि फोनवर चालावं म्हणून त्याचं लहान रूप वापरावं लागतं, जे इंग्रजीला पुरतं आणि आपल्याला पुरत नाही. एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर त्याला "नांदवायला" बरोबर लिहिता आलं, हेच मला खूप वाटतं.

यात माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा प्रश्न बोलीचा आहे. माझ्या पक्षकार "मला न्हाय नांदायचं तिथं" असं म्हणतात. यंत्र, मोठं असो की लहान, त्याचं "मला तिथे नांदायचं नाही" करू पाहतं. अर्थ तोच राहतो, पण बाईंचं वाक्य गेलं. उद्या उलटतपासात समोरचे वकील विचारतात, "हे तुम्ही असंच बोलला होता का?" आणि ती बाई गोंधळते, कारण कागदावरची भाषा तिची नसते. मी तिचे शब्द अवतरणात घालते तेव्हा ते तिच्या तोंडचेच असायला हवेत. म्हणून ती वाक्यं मी आजही हाताने लिहिते, दुखलं तरी.

मला कुणी विचारलं की मग परत जुन्या फोनवर का जात नाही, तर ते होणे नाही. बँकेचं ॲप या फोनवर चालायला नाही म्हणालं, त्यासाठी जुना फोन घरी कपाटात ठेवलाय. तेवढी अडचण चालेल. पण मराठी नीट हवी असेल तर पक्षकाराची ठेव बाहेर पाठवा, आणि ठेव सांभाळायची असेल तर मोडकी मराठी घ्या, ही निवड मी मान्य करत नाही. इंग्रजी बोलणाऱ्याला ती करावीच लागत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी अभिजात झाली, आनंद मीही केला, पेढे वाटले. पण खिशातल्या फोनला इंटरनेट बंद असताना ळ ऐकू यावा, ही मागणीसुद्धा भाषेचीच आहे, आणि ती कुणी करताना दिसत नाही.

होण्यासारखं नाही असंही नाही. आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत गटाने राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांची, त्यात मराठीचीही, बोलणं ओळखणारी मॉडेलं खुली करून ठेवली आहेत. ती फोनवर मावतील एवढी लहान करून साध्या कीबोर्डला जोडणं, एवढं काम कुणीतरी हाती घ्यायला हवं. आणि आपल्या बाजूने आवाज द्यायला हवा. लोकांचे आवाज गोळा करणाऱ्या मोझिलाच्या कॉमन व्हॉइसवर मराठी आहे, तसंच सरकारच्या भाषिणी या भाषा-प्रकल्पावर भाषादान आहे. समोर आलेलं वाक्य वाचायचं, दुसऱ्याने वाचलेलं बरोबर आहे का ते सांगायचं. मी रोज रात्री दहा वाक्यं वाचते. पक्षकाराचं एक अक्षर त्यात नसतं, आवाज माझा आणि देणारी मीच, समजून उमजून. माझ्या आईलाही बसवलं. ती "केळं", "शाळा", "पावसाळा" अशी काही म्हणते की तिचा ळ ऐकत राहावा.

या पोस्टखाली मला दोन गोष्टी हव्या आहेत. ज्यांना फोनमध्ये चालणारं मराठी मॉडेल कीबोर्डला जोडता येतं, त्यांनी कृपया लिहा. आणि माझ्याकडे कोर्टात रोज लागणाऱ्या शब्दांची एक वही आहे: जाबदेणार, वहिवाट, दरखास्त, मुखत्यारपत्र, कैफियत, तहकूब, पुरसिस, असे साडेतीनशेच्या वर शब्द, प्रत्येकाचं एक वाक्य करून. ते मी स्वतःच्या आवाजात, सावकाश एकदा आणि घाईत एकदा, वाचून द्यायला तयार आहे. शनिवारी कोर्टाला सुट्टी असेल तेव्हा सकाळी वेळ असतो.