‘चार दिवस वाया घालवलेत’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

उन्हाळी वर्गातल्या व्हिडिओ निर्मितीच्या अभ्यासक्रमाबद्दल मी लिहिलेल्या लेखावर तुमची प्रतिक्रिया वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तीन आठवड्यांच्या वर्गात पहिले चार दिवस मी मुलांना एडिटिंगला बसवत नाही, यावर तुमचा आक्षेप आहे. तुमचं वाक्य असं: ‘पंधरा वर्षांच्या पोराला आज फोनवर सगळं येतं, आणि तुम्ही त्याचे चार दिवस हेडफोन आणि तक्ते भरण्यात वाया घालवता, ही निव्वळ मास्तरकी आहे.’ शिवाय शटरचा आकडा सगळीकडे लागू पडत नाही, चार जणांचा गट मोठा होतो आणि ‘अभ्यासक्रम’ हा शब्द नुसता भारदस्तपणासाठी लावला आहे, असंही तुम्ही म्हटलं आहे. शेवटी तुमच्या भाच्याचा उल्लेख आहे, त्याच्याकडे नंतर येते.

शटरबद्दल तुमचं बरोबर आहे. शटर म्हणजे एक फ्रेम टिपताना कॅमेरा किती वेळ उजेड घेतो तो आकडा, आणि मी नुसतं १/५० सेकंद लिहून पुढे गेले. जिथे वीज ५० हर्ट्झची असते तिथले बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. म्हणून सेकंदाला २५ फ्रेम असताना शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की चित्रात काळे पट्टे सरकत नाहीत. ६० हर्ट्झच्या देशांत हेच आकडे १/६० आणि १/१२० होतात. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ‘मास्तरकी’. हा शब्द मला लागला, हे लपवत नाही. वर्गात काय शिकवावं यावर वाद जरूर घाला. पण शिकवणाऱ्याला मुलांवर हुकूम गाजवायची हौस आहे असं सुचवणं हा वाद नव्हे, ती थेट हेतूवर घेतलेली शंका आहे. माझ्या लेखातलं एकही वाक्य उद्धृत न करता तुम्ही ती घेतलीत. मी अकरा उन्हाळे हा वर्ग घेते आहे आणि त्याआधी नऊ वर्षं संकलनाच्या टेबलावर काढली आहेत. मुलांनी आणलेलं कच्चं फुटेज मी रोज बघते. तुम्ही किती बघितलं आहे, ते तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच दिसत नाही. असं असताना ‘सगळं येतं’ हे इतक्या खात्रीनं कसं लिहिता?

त्या ‘सगळं’मध्ये काय काय येतं ते नीट पाहू. मुलांना तयार गाण्याच्या ठेक्यावर शॉट कापता येतात, आणि ते ती खरोखर छान करतात. पण तिथे मूळ आवाज बंद असतो. शॉट एक-दोन सेकंदांचा असतो, त्यामुळे हलणारा हात, सुटलेला फोकस, मागच्या पंख्याची घरघर, यातलं काहीच टोचत नाही. गाणं सगळं झाकून टाकतं. आमच्या वर्गात मुलांना एका माणसाची मुलाखत घेऊन तीन मिनिटांचा माहितीपट करायचा असतो. तिथे गाण्याचा आधार निघून जातो आणि उरतो तो माणसाचा आवाज. बोलणं कापणं हे ठेका कापण्याहून अगदी वेगळं काम आहे, आणि ते फोननं त्यांना शिकवलेलं नसतं.

फोन एक गोष्ट मुलांच्या नकळत करतो: आवाजाची पातळी स्वतःच वरखाली करतो. माणूस बोलत असतो तेव्हा पातळी खाली असते. तो विचार करायला दोन सेकंद थांबला की फोनला वाटतं आवाज कमी झाला, आणि तो गेन, म्हणजे माईकचा आवाज उचलण्याचं प्रमाण, वाढवतो. खोलीतली घरघर फुगून वर येते. माणूस पुन्हा बोलू लागला की ती दबते. टाइमलाइनवर अशी दोन वाक्यं शेजारी ठेवली की प्रत्येक जोडावर घरघर उसळताना ऐकू येते. ती नंतर नीट पुसणं कठीण जातं, कारण ती सारखी नाही, सतत बदलते आहे. म्हणून पहिल्या दिवशी हेडफोन. गेन हातानं लावायचा. बोलणाऱ्याला त्याच्या सगळ्यात मोठ्या आवाजात एक वाक्य बोलायला लावायचं आणि आवाजाची पातळी दाखवणारा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास टेकेल असा ठेवायचा. शून्याला धडकला तर लाटेचे माथे सपाट कापले जातात आणि ते परत येत नाहीत. उणे ३० वर ठेवला तर वर उचलताना सूं-सूं येते. हे मुलांना सांगून कळत नाही. तीनही प्रकारे रेकॉर्ड करून लागोपाठ ऐकलं की लगेच कळतं.

दुसरा दिवस कॉलर माईकचा. तुम्ही लिहिलंत की ‘माईक लावायला पाच मिनिटं लागतात’. नुसता अडकवायला पाचसुद्धा नाही लागत. पण माईक हनुवटीपासून वीतभर खाली, छातीच्या मधोमध हवा. बाजूच्या कॉलरवर लावला तर मान वळली की आवाज बदलतो. कपड्याखाली लपवायचा असेल तर कापडी चिकटपट्टीचे दोन तुकडे घ्यायचे, प्रत्येकाची चिकट बाजू बाहेर ठेवून त्रिकोणी घडी करायची आणि माईक त्या दोन त्रिकोणांच्या मध्ये ठेवायचा, तोंड उघडं सोडून. एक बाजू अंगाला, दुसरी शर्टाला चिकटते, त्यामुळे कापड माईकवर घासत नाही. खाली वायरचं एक छोटं वेटोळं करून तेही चिकटवायचं, म्हणजे वायर ओढली गेली तरी ओढ माईकपर्यंत पोचत नाही. हे पहिल्यांदा करताना निम्म्या मुलांचा माईक पाच मिनिटांत सुटतो. सुटल्यावर येणारा खरखराट एकदा हेडफोनमध्ये ऐकला की दुसऱ्या वेळी ती वेटोळं विसरत नाहीत.

आणि मुलाखतीच्या शेवटी ३० सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करायची. तीच जागा, तोच माईक, पंखा चालू असेल तर चालूच, कुणी हलायचं नाही. तुमच्यासारख्यांना हा वेळकाढूपणा वाटतो. पण वाक्यातला ‘म्हणजे… काय म्हणतात ते…’ काढून टाकला की तिथे भोक पडतं. त्या भोकात निव्वळ शून्य ठेवलं तर कानाला खड्डा लागतो, आणि त्याच खोलीची शांतता भरली तर जोड कळत नाही. ती ३० सेकंद मुलाखत घेतानाच मिळतात. नंतर त्या खोलीत गेलात तर पंखा बंद असतो, खिडकी उघडी असते.

आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला तर आणखी एक अडचण येते. बरेच फोन उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग थोडा बदलत राहतात. सुरुवातीला वाजवलेल्या टाळीवरून चित्र आणि आवाज जुळवले तरी काही मिनिटांनी ओठ आणि शब्द फारकत घेतात. २५ फ्रेमला एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. आवाज चित्राच्या दोन फ्रेम पुढे गेला तरी बघणारा अस्वस्थ होतो, मागे राहिला तर थोडा जास्त काळ खपतो. यावर उपाय म्हणजे फोनमध्ये फ्रेमचा वेग कायम ठेवणारं अ‍ॅप वापरायचं आणि मुलाखतीच्या शेवटीही एक टाळी घ्यायची. दोन टाळ्यांमधलं अंतर दोन्हीकडे सारखं आहे का, हे मोजता येतं. ज्याला ‘सगळं येतं’ अशा मुलाला शेवटची टाळी कशाला, हे विचारून बघा.

तिसऱ्या दिवशी कॅमेरा हातात येतो, फक्त हलवायचा नाही. सिनेमाच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंचे १८९५ चे चित्रपट साधारण ५० सेकंदांचे, एकाच शॉटचे होते. मुलांनीही तेवढाच एक शॉट घ्यायचा. ट्रायपॉडचा एक पाय लेन्सच्या दिशेनं पुढे, ट्रायपॉडवरच्या पातळीचा बुडबुडा मधोमध आणून कॅमेरा सरळ, फोकस आणि एक्स्पोजर लॉक, ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर (हाताचे हादरे सावरणारी सोय) बंद, कारण काही कॅमेऱ्यांत तो चालू राहिला तर स्थिर चित्र उगाच हळूहळू सरकतं. मग उभं कुठे राहायचं एवढाच निर्णय उरतो, आणि तोच सगळ्यात अवघड असतो.

तक्त्यांबद्दलही एवढं राग येण्यासारखं काय आहे, मला समजलं नाही. क्लिपचा क्रमांक, टेक, पहिले शब्द, शेवटचे शब्द, उपयोगी की नाही, एवढे रकाने. ४० मिनिटांची मुलाखत असेल तर तक्ता नसलेला गट एक वाक्य शोधायला पुन्हा ४० मिनिटं बघत बसतो. चौथ्या दिवशी हेच, आणि फाइली सांभाळणं. सेकंदाला १०० मेगाबिटनं शूट केलं तर तासाला ४५ जीबी होतात, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड दीड तासही पुरत नाही. मग घाईत कार्ड रिकामं केलं जातं आणि फुटेज जातं ते तिथे. दोन वेगळ्या डिस्कवर प्रत, पहिली, मधली आणि शेवटची क्लिप उघडून बघायची, आणि मगच कार्ड फॉरमॅट करायचं, तेही कॅमेऱ्यातच.

हिशोब सांगते. पंधरा दिवस, रोज तीन तास, म्हणजे ४५ तास. पहिल्या चार दिवसांचे १२. उरलेल्या ३३ पैकी सहा विषय आणि प्रश्न ठरवायला, नऊ शूटिंगला, पंधरा एडिटिंगला, तीन एकमेकांचं काम बघायला. एडिटिंगला सगळ्यात जास्त वेळ आहे. हे कोष्टक लेखात होतं, तुम्ही ते वाचलं असतंत तर ‘एडिटिंग शिकवतच नाहीत’ असं लिहिलं नसतंत.

गट मोठा होतो, याला उत्तर एवढंच की कॅमेरा, आवाज, प्रश्न आणि तक्ता ही चार कामं आहेत. ‘अभ्यासक्रम’ या शब्दावर मी वाद घालणार नाही.

भाच्याबद्दल. तो पंधरा वर्षांचा आहे आणि ‘या वर्गात बसला असता तर दुसऱ्या दिवशी पळाला असता’, असं तुम्ही लिहिलंत. पळाला असता की नाही ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. त्याला घरातल्या कुणाची तरी पाच मिनिटांची मुलाखत घ्यायला सांगा. फोन दोन मीटरवर ठेवून एकदा, आणि कॉलर माईक लावून एकदा. दोन्हींतून प्रत्येकी तीन वाक्यं काढून जोडू दे, खाली गाणं न लावता. मग स्क्रीन उलटी करून दोन्ही नुसती ऐका आणि कुठे कुठे कापलं आहे ते तुम्ही बोट वर करून सांगा. किती वेळा बोट वर गेलं, ते मला कळवा.