नोंदच नसेल, तर मूर्ती परत कशी मागणार?
चोरीला जाऊन परदेशातून परत आलेल्या मूर्तींवरील लेख आवडला. त्यात मूर्ती परत येण्याचे श्रेय सांस्कृतिक वस्तूंची बेकायदा ने-आण रोखणाऱ्या १९७० च्या युनेस्को कराराला दिले आहे; मात्र या कराराच्या सातव्या कलमातील अट नजरेआड होऊ नये. संग्रहालयातून किंवा धार्मिक वास्तूतून चोरलेली वस्तू त्या संस्थेच्या सूचीत नोंदलेली असेल, तरच हे कलम लागू पडते, आणि अजाणतेपणी ती विकत घेणाऱ्याला वाजवी भरपाईही मागणाऱ्या देशानेच द्यायची असते. आमच्या खानदेशात बळसाण्याची मंदिरे संरक्षित आहेत; पण गावोगावच्या पारांवर शेंदराचे थर चढून नाकडोळे बुजलेल्या ज्या मूर्ती आणि वीरगळ उघड्यावर आहेत, त्यांची नोंद बहुधा कुठेच नसते. त्यांतली एखादी रातोरात उचलली गेली, तर ती इथलीच होती हे सिद्ध करायला गावाकडे साधे छायाचित्रही सापडणार नाही. चोरीच्या सांस्कृतिक वस्तूंबाबतचा १९९५ चा युनिड्रॉ हा आंतरराष्ट्रीय करार अधिक कडक आहे, कारण चोरीची वस्तू ताब्यात असणाऱ्याने ती परत केलीच पाहिजे, असे तो सांगतो. भारत त्यात सहभागी नाही, ही मला फार मोठी उणीव वाटते. निदान ग्रामपंचायतींनी प्रत्येक मूर्तीची चारही बाजूंनी छायाचित्रे घेऊन मोजमापांसह पुरातत्त्व विभागाकडे द्यावीत, अशी कळकळीची विनंती आहे.