धडा तिसरा: मुलांनी मैदानावर जावे

दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये तिसरा धडा आहे, सजीवांच्या जीवनप्रक्रियांचा. प्रजनन त्यातच येतं. आमच्या चिरंजीवांच्या शाळेत तो गेल्या आठवड्यात 'झाला'. झाला म्हणजे मुलींना वरच्या हॉलमध्ये नेलं, मुलांना बॅट-बॉल देऊन मैदानावर सोडलं, आणि "हा धडा सोपाय, घरी वाचून घ्या" असं सांगून सर चौथ्या धड्यावर गेले. चिरंजीव खूश, त्यांच्या टीमनं मॅच मारली.

पालकसभेत मी याबद्दल विचारलं. त्यावर जे ऐकायला मिळालं, त्यावरून खात्री पटली की हा विषय शिकवण्याची एक अस्सल सोलापुरी पद्धत तयार आहे, फक्त कुणी लिहून ठेवलेली नाही. नव्या पालकांच्या आणि नव्या शिक्षकांच्या सोयीसाठी मी लिहून ठेवते.

सुरुवात नेहमी अमिबापासून करावी. अमिबा अत्यंत संस्कारी जीव. नर नाही, मादी नाही, स्थळं बघणं नाही. वाढला की मधून दुभंगतो आणि एकाचे दोन होतात. घराण्याची अब्रू जागच्या जागी. मग हायड्राच्या अंगावरचा मुकुल, प्लॅनेरियाच्या तुकड्यातून होणारा नवा प्लॅनेरिया, पानफुटीच्या पानाच्या कडेला फुटणारी रोपं. इथवर खणखणीत आवाजात शिकवावं, रंगीत खडू वापरावेत, पोरांना आकृत्या घोटून घ्यायला लावाव्यात. जास्वंदीचं फूल आलं की आवाज जरा उतरवावा. पुंकेसर म्हणताना खिडकीबाहेर बघावं. परागकण, बीजांड, फलन एवढं एका दमात उरकून घसा खाकरावा आणि म्हणावं, "पुढचं आयएमपी नाही." बोर्डाच्या पेपरला येवो न येवो, हे वाक्य बिनतोड आहे. त्यावर आजवर एकाही पालकानं हरकत घेतलेली नाही.

चार वर्षांचं पोर "मी कुठून आलो?" म्हणालं, तर गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याखाली सापडलास म्हणून सांगावं.

नान्नजच्या माळढोक अभयारण्यात सहल न्यावी. विणीच्या हंगामात नर गळ्याची पिशवी फुगवून मादीसमोर कसा मिरवतो, हे सरांनी रंगवून सांगावं. पक्ष्याचं चालतं.

सॅनिटरी पॅडचा पुडा काळ्या पिशवीतच घ्यावा. सांगावं लागत नाही, मेडिकलवाला आपण होऊन देतो.

मुलग्यांची काळजी करण्याचं कारण नाही. त्यांच्यासाठी गावातल्या भिंती आहेत. स्टँडच्या आसपास, रेल्वेच्या कडेनं, मुतारीच्या दारावर 'निराश होऊ नका' असं आश्वासन आणि खाली मोबाइल नंबर. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराचा आवाज फाटतो, मिशी फुटते, झोपेत कधी कपडे ओले होतात. हे वाढीच्या वयातलं साधं शरीरकार्य आहे, हा काही रोग नाही, हे त्याला घरात सांगायचं नाही आणि शाळेतही नाही. भिंतीनं त्याला 'स्वप्नदोष' सांगावा आणि भिंतीवरच्या वैद्यानं क्लासच्या फीचे पैसे काढून घ्यावेत. स्थानिक व्यवसायाला तेवढाच आधार.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे संस्कार. पालकसभेत मी प्रश्न विचारल्यावर एक गृहस्थ ताडकन उभे राहिले. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. "म्याडम, हे असलं पोरांना शिकवणं आपल्या संस्कारात बसतंय का?" टाळ्या पडल्या. टाळ्या थांबतायत तोवर त्यांचा मोबाइल वाजला. बाहेर जाऊन बोलायची आपल्याकडे पद्धत नाही, तेव्हा ते हॉलच्या मधोमध, पन्नासेक आयाबायांसमोर, गोठ्यावरच्या गड्याला सांगू लागले, "गाय माजावर आलीय? कवा दिसलं? सकाळी? मग आता गडबड करू नको, संध्याकाळी भरव की. मागल्या टायमाला लवकर भरवली म्हणून गाभण राहिली नाही, उलटली. आणि डॉक्टरला सांग, सॉर्टेडच आण म्हणावं, कालवडच पाहिजे."

हॉलमध्ये कुणाचीही मान खाली गेली नाही. पुरुषमंडळींनी तर कौतुकानं माना डोलावल्या.

या गृहस्थांची तयारी बघा. सकाळी माज दिसला, म्हणजे गाय फळायला तयार झाली, तर संध्याकाळी रेतन, हे त्यांना पाठ. म्हणजे स्त्रीबीज कधी बाहेर पडतं याचा हिशेब त्यांना घड्याळ न बघता करता येतो. सॉर्टेड सीमेनमध्ये, म्हणजे निवडलेल्या वीर्याच्या मात्रेत, एक्स आणि वाय गुणसूत्रांचे शुक्राणू वेगळे केलेले असतात हेही ते जाणतात. गोवंशात एक्स शुक्राणूत डीएनए सुमारे 4 टक्के जास्त असतो, त्या फरकावर यंत्र निवड करतं आणि शंभरातल्या नव्वदेक वेळा कालवड होते. त्यासाठी हे जादा पैसे मोजतात. पैसे कुणाच्या मात्रेचे मोजतात? वळूच्या. कारण कालवड की गोऱ्हा हे वळूकडून ठरतं, गाईकडून नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. गाईकडे एक्सच असतो, बाईकडेही एक्सच असतो. एवढं गणित गोठ्यात तोंडपाठ असलेला माणूस घरी येतो, सुनेला दुसरी मुलगी झालेली असते, आणि म्हणतो, "हिच्या माहेरच्या अंगातच पोरगा नाही." अहो, वळूला विचारा की मग! गोठ्यात लेक झाली तर पेढे, आणि माजघरात लेक झाली की तोंडाला कुलूप. गर्भातलं लिंग सांगू नये म्हणून 1994 मध्ये कायदा करावा लागला तो अडाणी लोकांसाठी केला होता असं समजू नका. तो या असल्या जाणकारांसाठीच होता.

आणि ते एकटे नाहीत. डाळिंबाच्या पट्ट्यातले पाहुणे जेवायला बसले की ताटावर चर्चा काय असते? "यंदा मादी कळी कमी निघाली, नर कळी गळून गेली, सेटिंग झालं नाही." सहावीतली पोरगी वाढत असते, तिच्यासमोर. बहार कुठला धरायचा, गुटी कलम कुठून आणायचं, एका झाडावर किती फळं ठेवायची, सगळं मोकळेपणानं. हा आख्खा जिल्हा परागणावर कर्ज काढतो आणि जनावरांच्या गाभण राहण्यावर पोरींची लग्नं करतो. पोरीनं ताटावरच विचारलं, "मग माणसांत कसं असतं?" की मात्र, "जा, पाणी आण."

उपरोध बास झाला. मला आता नीट बोलू द्या.

र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी प्राध्यापकी गेली. 2007 मध्ये याच राज्यात शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं, का तर संस्कृती बुडते. कुठल्या संस्कृतीबद्दल बोलता हो तुम्ही? दहावीचं वर्ष संपायच्या आत बाकावरून गायब होऊन थेट मांडवात दिसणाऱ्या पोरींच्या? तिच्या शरीरात काय चाललंय हे तिला सांगायला तुमची जीभ रेटत नाही, पण अठराच्या आत तिच्या कडेवर लेकरू द्यायला काही वाटत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्ध 2012 चा पोक्सो कायदा आहे, हेल्पलाइन आहे, शाळेत तक्रारपेटीसुद्धा लावलीय. ज्या पोराला स्वतःच्या अवयवाचं नाव कुणी शिकवलेलं नाही, त्यानं त्या पेटीत काय लिहून टाकायचं? 'तिथं' असं लिहायचं?

आणि मुलग्यांना मैदानावर का पाठवता? पाळी म्हणजे काय हे त्यांना कळायला नको? उद्या हेच नवरे होणार, हेच बाप, हेच सासरे होणार आणि भरसभेत उभे राहून संस्कार सांगणार. ते पोर मैदानावरून घरी येतं, जेवतं आणि पांघरुणात मोबाइल घेऊन झोपतं. त्याला धडा तिथं मिळतोय, दादा. रोज मिळतोय. त्यात बाईला 'नको' म्हणायची सोय नसते आणि पुस्तकातली एकही आकृती नसते. तुम्ही ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं पाठवत बसा.

माझ्या पोराला मी रविवारी धडा शिकवला. पुस्तक उघडून, आकृतीवर बोट ठेवून, नावं घेऊन. तो लाजला, हसला, मग भरपूर प्रश्न विचारले. जुळी कशी होतात, पाळीत पोट का दुखतं, आणि सर असं का वागले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी दिली. तिसरं सरांनी द्यावं. नाही तर त्या पेनवाल्या गृहस्थांनी द्यावं. त्यांना वेळेचं चांगलं कळतं.