काका, पोराचे मार्क तुमच्या हातात आहेत का?

आज सकाळपासून डोकं तापलंय, आणि यावेळी त्यात उन्हाचा दोष नाही.

आमचा रविवारचा गट तुम्हाला माहीत आहे. लक्ष्मीनगरात जमायचं, थोडं तत्त्वज्ञान वाचायचं, मग तर्री पोहे. आज एपिक्टेटस होता. गुलामीत वाढलेला, पायानं अधू असा जुना ग्रीक तत्त्वज्ञ. त्याचं पहिलंच सांगणं असं की काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. ज्या नाहीत त्यांच्यापायी जीव जाळू नये. गटातल्या एका काकांनी हे इतकं सुरेख समजावलं की काकू लोक माना डोलावून राहिल्या होत्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. क्लासच्या टेस्टचे मार्क आले होते, फिजिक्समध्ये पोरगा आपटला. काका उभे राहून सगळ्यांसमोर ओरडले, "लाज नाही वाटत बे? थांब, घरी येऊन राहिलो, मग दाखवतो तुले!" फोन ठेवला, बसले. "हं, तर आपण कुठे होतो?"

दोघंतिघं हसले. "कडक आहेत हो आमचे काका." कौतुकानं!

मी सातवीत होते. १ मेला निकाल लागायचा. गणितात मार्क कमी पडले म्हणून बाबांनी मला चपला काढायला लावून अंगणातल्या शहाबादी फरशीवर उभं केलं. दुपारी. नागपूरचा मे. यापुढे इथल्या माणसाला काही सांगायची गरज नाही.

तर काका, एपिक्टेटस कडक होताच. पण कोणाशी? स्वतःशी. आपल्या लोकांनी काय केलं, कडकपणा पोरांना वाटून दिला आणि शांती स्वतःकडे ठेवून घेतली. दहा दिवस मौन पाळून येतात, आणि अकराव्या दिवशी प्रगतिपुस्तक पाहून घर डोक्यावर घेतात.

त्या फरशीवर तळवे पोळले, ते तर मी विसरलेही असते. पण आतून कूलरचा आवाज येत होता. वाळ्याचा ओला वास येत होता. बाबा पेपर वाचत होते, पान उलटल्याचं ऐकू यायचं. आजही ऑफिसात कोणाचा आवाज चढला की माझ्या पायाची बोटं आपोआप आत ओढली जातात. इतकं वाचून झालं, बोटं काही ऐकत नाहीत.

हो, नुसत्या लाडानं पोट्टे शेफारतात, मान्य. मोबाइल समोर धरल्याशिवाय घास न गिळणारी लेकरं मलाही दिसतात. म्हणून हाणायचं? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी घातली. आपल्या घराच्या उंबऱ्यापाशी मात्र तो कायदा पाहुण्यासारखा चपला काढून उभा राहतो.

आणि दीक्षाभूमीच्या गावात राहणाऱ्यांना ग्रीकांकडे जायची तरी काय गरज? खोटं बोलू नये हे बुद्धानं आपल्या पोराला, राहुलला, कसं शिकवलं? पाय धुतल्यावर भांड्यात थोडं पाणी ठेवलं आणि म्हणाला, जाणूनबुजून खोटं बोलायची ज्याला लाज नाही त्याचं श्रमणपण, म्हणजे संन्यासीपण, एवढंसंच. मग ते पाणी फेकलं. भांडं पालथं केलं. मग विचारलं, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसंच काही करण्याआधी, करताना आणि केल्यावर स्वतःकडे पाहत जा. थट्टेतसुद्धा खोटं नको, इतकी शिस्त! काहून लागली नाही तिथे छडी?

बाबांवर राग आहे का? लिहायला बसले तेव्हा होता. आता तेवढा नाही. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. १८७७ साली सुरू झालेली टाटांची मिल, आता तिथे मॉल आहे. घर भोंग्यावर चालायचं. पोरगंही याच भोंग्यामागे पळेल, या भीतीनं आजोबांनी बाबांना बडवलं. बाबांनी मला उन्हात उभं केलं तेही त्याच भीतीपोटी, हे मला कळतं. कळलं म्हणून पटलं, असं नाही.

आता बाबा सत्तरीपार आहेत. रोज पोथी वाचतात, चेहरा कसा निवलाय. परवा माझी लेक रडत आली तर तिला जवळ घेऊन म्हणाले, "मार्क येतात जातात बाई, काय जीवाला लावून घेतेस?" मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. खरं सांगते, आधी बरं वाटलं, मग इतका संताप आला की पोळी तव्यावरच राहिली. हे वाक्य त्यांना येत होतं तर! शहाबादी फरशीवर उभ्या पोरीला का नाही ऐकवलं?

असो. आता कमेंटमध्ये काही जण येतीलच, "आम्हीपण लई मार खाल्ला, आमचं काय बिघडलं?" जरूर लिहा, बापा. फक्त त्याखाली तुमच्या बीपीच्या गोळीचं नावही टाका, मग बोलू.