चार गोळ्यांची पट्टी

काल संध्याकाळी म्हापशातल्या एका फार्मसीत आईची रक्तदाबाची औषधे घ्यायला उभा होतो. माझ्या पुढच्या बाईने दहा गोळ्यांच्या पट्टीतल्या चारच मागितल्या. दुकानदाराने निमूटपणे कात्री उचलून पट्टी कापली. "बाकीच्या पगार झाल्यावर नेते," असे ती म्हणाली, तेही अशा ओशाळल्या स्वरात, की जणू अपराध तिचाच होता.

आता कोणी मला सरकारी आरोग्य-कार्डाचे कौतुक सांगू नये. गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे; तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते. केंद्राची आयुष्मान भारत योजना तर पाच लाखांची भाषा करते. पण या छत्र्या उघडतात त्या माणूस इस्पितळातल्या खाटेवर आडवा झाल्यावर! रोजच्या गोळीसाठी फार्मसीच्या काउंटरवर कार्ड दाखवून पाहा, काय उत्तर मिळते ते. म्हणजे गोळ्या परवडल्या नाहीत म्हणून त्या बाईला उद्या पक्षाघात झाला, तर तिच्यावर लाखभर रुपये खर्च करायला व्यवस्था तयार आहे. तो टाळणाऱ्या सहा गोळ्यांचे पैसे मात्र तिने स्वतःच उभे करायचे. हा हिशेब कोणत्या शहाण्याने मांडला?

"गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात जा, तिथे फुकट मिळते," असे सांगणाऱ्यांनी एकदा रोजंदारी बुडवून, दोन बसगाड्या बदलून, तिथल्या ओपीडीच्या रांगेत उभे राहून पाहावे. फुकट म्हणजे काय, ते मग कळेल.

देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम २०२१-२२ मध्ये लोकांनी थेट खिशातून भरली, असे सरकारचेच आरोग्य लेखे सांगतात. पैसे नाहीत म्हणून जी औषधे घेतलीच गेली नाहीत, ती या आकड्यात कुठून येणार? थायलंड काही अमेरिका नव्हे. तरी त्या देशाने २००२ मध्ये करांच्या पैशातून, दर भेटीला फक्त तीस बाट (तिथले चलन) घेणारी योजना उभी केली आणि तीत बाह्यरुग्ण तपासणी व औषधेही घेतली. युगांडाने २००१ मध्ये सरकारी दवाखान्यांतले शुल्कच काढून टाकले. आमच्याकडे मात्र कार्डवाटपाचे मंडप.

माझी पाळी आली तेव्हा मी आईची महिनाभराची औषधे एकदम मागितली. दुकानदार हसून म्हणाला, "पूर्ण महिन्याची घेताय ना, मग दहा टक्के कमी करतो." त्या बाईने चार गोळ्यांचे पैसे छापील दराने मोजले होते.