आत्यामागचा वाढपी

आत्याचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं आणि हॉलच्या दारात लावायच्या फ्लेक्ससाठी फोटो शोधायची कामगिरी माझ्या गळ्यात पडली. आत्याचे फोटो ढिगानं आहेत. निम्म्यांत तिचे डोळे मिटलेले आणि उरलेल्यांत ती फोटो काढणाऱ्याला काहीतरी सुनावतेय. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईकडून दुसरं काय होणार! एकाच फोटोत ती चक्क हसलीय. चुलतभावाच्या लग्नातला फोटो. हिरवी पैठणी, नथ, मागे झेंडूच्या माळांचा पडदा. आणि त्या पडद्यासमोर, आत्याच्या खांद्यातून उगवल्यासारखा, जिलब्यांचं ताट धरलेला वाढपी.

"काढून देतो की काका," फ्लेक्सवाला म्हणाला. "तीनशे जास्तीचे होतील."

प्रश्न तीनशे रुपयांचा नव्हता. (असं म्हणणाऱ्याचा प्रश्न नेमका तेवढ्याच रुपयांचा असतो.) "मीच करून आणतो," असं म्हणून मी घरी आलो.

फोटोशॉपला दरमहा भाडं भरावं लागतं हे कळल्यावर मी फुकटातलं गिम्प उतरवून घेतलं. बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी लिहिलेलं हे सॉफ्टवेअर 1996 साली लोकांसमोर आलं. त्याचं चिन्ह म्हणजे तोंडात ब्रश धरलेला एक प्राणी. दोन्ही हात मोकळे असूनही मला जे जमणार नव्हतं, ते हा तोंडानं करत होता.

पहिल्या संध्याकाळी मी खोडरबर घेतला आणि वाढप्यावरून फिरवला. माझी साधी समजूत अशी, की वाढपी पुसला गेला की मागचा झेंडू दिसेल. वाढप्याच्या जागी वाढप्याच्याच आकाराचं पांढरं भूत उभं राहिलं. आत्या हसतेय आणि मागे भूत जिलब्या वाढतंय!

"बाबा, मागे काही नसतंच," कन्या म्हणाली. "फोटो म्हणजे एकच कागद. तू लेयर घे." लेयर म्हणजे फोटोवर ठेवलेला ट्रेसिंग पेपर. खाडाखोड त्याच्यावर करायची, खालचा फोटो शाबूत राहतो. ऐकायला सोपं आहे. पण आपण आत्ता कुठल्या कागदावर आहोत हे बाजूच्या यादीत सतत बघावं लागतं आणि मी नेमका तिथे बघत नाही. थॉमस नोल आणि जॉन नोल या भावांचं फोटोशॉप 1990 साली बाजारात आलं, त्यात लेयर 1994 साली आले. म्हणजे मधली चार वर्षं लोक लेयरशिवाय फोटो सुधारत होते. मला त्यांचा हेवा वाटतो.

पण खरा छळ मुंग्यांनी केला. फोटोचा एखादा भाग निवडला की त्याच्या कडेनं काळ्या-पांढऱ्या तुटक रेषा सरकत राहतात. त्यांना मुंग्याच म्हणतात. मुंग्यांच्या कुंपणाबाहेर कुठलंही हत्यार चालत नाही. हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ब्रश चालेना. खोडरबर चालेना. बादलीतून रंग ओतला, थेंब पडेना. मी माउस बनियनला पुसला. त्यातले सेल बदलले. बायकोच्या सांगण्यावरून एकदा संगणकाच्या पाठीवर थापही मारली. पाऊण तासानं कन्या आली, तिनं फोटो लहान करून पूर्ण पाहिला आणि खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे, मोहरीएवढ्या जागेभोवती, सात-आठ मुंग्या फेर धरून फिरत होत्या. माझ्या चुकून दाबलेल्या क्लिकचं पुण्य. बादलीतला सगळा रंग त्या मोहरीत ओतला गेला होता.

मग क्लोन शिकलो. कंट्रोलचं बटण दाबून आधी झेंडूवर क्लिक करायचं आणि मग वाढप्यावर रंगवायचं, की झेंडू तिथे उमटतो. (माझ्या व्हिडिओतला तरुण सारखा 'ऑल्ट दाबा, ऑल्ट दाबा' सांगत होता. तो फोटोशॉप शिकवत होता, हे मला तासाभरानं कळलं.) गंमत अशी, की ब्रश सरकतो तशी मूळ जागाही सरकते. मी ब्रशकडे बघत भान हरपून रंगवत गेलो, आणि वाढप्याचं डोकं गेलं तिथे आत्याचा कान आला, मग गाल, मग नथ. कंट्रोल झेड, कंट्रोल झेड, कंट्रोल झेड. शेवटी एक टवटवीत माळ हेरली आणि तिच्यातलंच थोडं थोडं उचलून वाढपी ताटासकट गाडला. रात्रीचा दीड वाजला होता. घरात सगळे झोपले होते, म्हणून मी स्वतःच स्वतःला "वा!" म्हटलं.

सकाळी फ्लेक्सवाल्याचा फोन. "काका, हे उघडत नाही. एक्ससीएफ म्हणजे काय?" गिम्पमध्ये सेव्ह केलं की ते आपल्या खास पोतडीत बांधून ठेवतं, जेपीजी हवा तर एक्स्पोर्ट करावं लागतं. तेही केलं. मग दुसरा फोन. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला, रुंदीला 1280 ठिपके, आणि फ्लेक्स सहा फुटी. म्हणजे इंचाला जेमतेम अठरा ठिपके. "चालतं हो," तोच म्हणाला, "फ्लेक्स लांबून बघायचा असतो."

सगळ्यांनी लांबूनच पाहिला. व्याही म्हणाले, झकास. चुलतभाऊ म्हणाला, इथे कुणीतरी उभं होतं ना रे? मी नुसता हसलो.

आत्या गाडीतून उतरली, काठी टेकत थेट फ्लेक्सपाशी गेली आणि चष्मा लावला. स्वतःच्या चेहऱ्याकडे तिनं पाहिलंच नाही. ती झेंडू बघत होती. दोन उत्तरपत्रिकांत एकच चूक सापडली की आत्या कशी गप्प व्हायची, हे मला आठवलं. मी तिच्या वर्गात होतो.

"हे मोडक्या देठाचं फूल," काठीचं टोक वर उचलून ती मोजायला लागली, "एक, दोन, तीन... सात ठिकाणी आहे."

"आत्या, आरतीची वेळ झाली."

"ते राहू दे," ती म्हणाली. "कुणाचं बघून लिहिलंस?"