एआयमधली पीएचडी आणि ‘पाच वर्षं वाया’चा हिशेब

गेट आणि नेटचे निकाल लागले की एक संदेश हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात. एआयमध्ये पीएचडी म्हणजे पाच वर्षं वाया. खरं संशोधन कंपन्यांत होतं. विद्यापीठांकडे जीपीयू, म्हणजे एआय मॉडेल शिकवायला लागणारी ताकदवान संगणक-कार्डं, नाहीत. मोठ्या परिषदेत पेपर लागला नाही तर काम फुकट, तेव्हा मिळेल तिथे छापून आकडा वाढवा. पैसे तुटपुंजे, शिकलेलं दोन वर्षांत जुनं, आणि पीएचडी नसलेलेच पुढे गेलेत. हा संदेश वाचून चांगली मुलं अर्जच भरत नाहीत. त्यात थोडं तथ्यही आहे, म्हणून तो झटकून टाकून चालणार नाही. एकेक मुद्दा घेऊ.

‘खरं संशोधन आता कंपन्यांतच होतं’

आकडे पाहिले तर या म्हणण्याला आधार मिळतो. स्टॅनफर्डच्या एआय इंडेक्सनुसार २०११ साली अमेरिका-कॅनडात एआयमध्ये नव्यानं पीएचडी झालेल्यांपैकी ४०.९ टक्के उद्योगात आणि ४१.६ टक्के विद्यापीठांत गेले. २०२२ मध्ये हेच प्रमाण ७०.७ आणि २० टक्के झालं. २०२३ सालच्या उल्लेखनीय मॉडेलांपैकी ५१ उद्योगांची होती, विद्यापीठांची १५.

पण ही पहिली आकडेवारी पीएचडी झालेल्यांचीच आहे. कंपन्यांनी ज्यांना उचललं ते पदवी पूर्ण करून बाहेर पडलेले लोक होते. म्हणजे तिच्यावरून ‘पीएचडी नको’ असा निष्कर्ष निघत नाही. ‘पीएचडीनंतर विद्यापीठातच राहावं लागतं असं नाही’ इतकाच निघतो.

दुसरं, मॉडेल मोजणं म्हणजे कल्पना मोजणं नव्हे. आजच्या भाषा-मॉडेलांमागची ट्रान्सफॉर्मर ही रचना २०१७ मध्ये गूगलमधून आली हे खरं, पण तिच्या गाभ्यातली ‘अटेन्शन’ (कोणत्या शब्दाकडे किती लक्ष द्यायचं ते ठरवणारी) ही युक्ती २०१४ मध्ये माँट्रियल विद्यापीठाशी जोडलेल्या गटानं भाषांतरासाठी मांडली होती. चित्रं तयार करणाऱ्या डिफ्यूजन पद्धतीचा पाया २०१५ मध्ये स्टॅनफर्डमध्ये घातला गेला आणि २०२० मध्ये बर्कलीनं ती व्यवहारात चालवून दाखवली. आज बहुतेक मोठी मॉडेलं शिकवताना वापरलं जाणारं, अटेन्शनचं गणित वेगानं आणि कमी मेमरीत करणारं ‘फ्लॅश अटेन्शन’ हे २०२२ मधलं स्टॅनफर्डच्या पीएचडी विद्यार्थ्यांचं काम आहे. माणसांच्या पसंतीनुसार मॉडेल वळवण्याची सोपी पद्धत, डीपीओ, तीही स्टॅनफर्डचीच, २०२३ ची. कंपन्यांनी ती लगेच उचलली. प्रचंड प्रमाणावर मॉडेल शिकवणं कंपन्यांकडे गेलं आहे. ते शिकवण्याच्या पद्धती मात्र आजही विद्यापीठांतून येतात.

‘जीपीयू नाहीत, तर संशोधन कसलं?’

इथे आधी गणित करायला हवं. ७ अब्ज पॅरामीटरचं (पॅरामीटर म्हणजे शिकताना बदलणारे मॉडेलमधले आकडे) मॉडेल, प्रत्येक आकडा १६ बिटांत धरून, ठेवायला १४ जीबी मेमरी लागते. तेच ॲडम ही शिकवण्याची नेहमीची पद्धत वापरून पूर्ण शिकवायचं तर पॅरामीटरमागे सुमारे १६ बाइट, म्हणजे ११२ जीबी. हे ८० जीबीच्या एका जीपीयूवर बसत नाही. पण तेच मॉडेल ४ बिटांत आणलं तर पॅरामीटर साडेतीन जीबीत मावतात आणि वर लोरा या पद्धतीनं जोडलेले छोटे थर तेवढेच शिकवता येतात. मग १६ जीबीचं टी४ हे साधं जीपीयू कार्डही पुरतं. २०२३ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटानं याच मार्गानं ६५ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल ४८ जीबीच्या एका जीपीयूवर शिकवून दाखवलं.

कॅगल या डेटा-विज्ञानाच्या संकेतस्थळावर आठवड्याला साधारण ३० तास जीपीयू फुकट मिळतो, म्हणजे महिन्याला १२० तास. एक प्रयोग चार तासांचा धरला, तीन पद्धतींची तुलना केली आणि प्रत्येक पद्धत पाच वेगवेगळ्या सीडवर (सीड म्हणजे प्रयोगाची यादृच्छिक सुरुवात ठरवणारा आकडा) चालवली, तर १५ प्रयोगांचे ६० तास होतात. निम्मा कोटा शिल्लक राहतो. काम फसतं ते बहुधा यंत्र कमी पडल्यामुळे नाही. सत्र मध्येच तुटतं आणि चेकपॉइंट, म्हणजे तोवरच्या कामाची जतन केलेली प्रत, ठेवलेला नसतो. तो दर अर्ध्या तासाला बाहेर जपून ठेवलाच पाहिजे. एकाच सीडवर आलेला दीड टक्क्याचा फायदा शोध म्हणून मांडला जातो आणि दुसऱ्या सीडवर तो नाहीसा होतो. तुलनेसाठी घेतलेली जुनी पद्धत नीट ट्यून केलेली नसते. चाचणीची वाक्यं मॉडेलनं शिकतानाच पाहिलेली असतात. यातली एकही चूक आठ महागडी एच१०० जीपीयू कार्डं दिल्यानं सुटत नाही.

मोठी यंत्रं देशात नाहीत असंही नाही. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेतला परम सिद्धी-एआय नोव्हेंबर २०२० मध्ये जगातल्या ५०० महासंगणकांच्या यादीत ६३ वा होता. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या सुमारे १०,३७२ कोटी रुपयांच्या इंडिया-एआय मिशनमध्ये सवलतीच्या दरानं जीपीयू देण्याची तरतूद आहे. अर्ज करताना किती जीपीयू-तास लागतील, कशासाठी, आणि छोट्या प्रमाणावर केलेल्या प्रयोगाचा निकाल काय, हे मांडता आलं पाहिजे. ‘एआय संशोधनासाठी जीपीयू हवेत’ एवढ्यावर कोणी तास देत नाही.

आणि मराठीत तर अडचण यंत्रांपेक्षा डेटाची आहे. पुण्याच्या एल३क्यूब या गटानं अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना घेऊन मराठी ट्वीटचा भावना-विश्लेषणाचा संच २०२१ मध्ये काढला, पुढे मराठी मजकूर समजून घेणारी बर्ट प्रकारची मॉडेलं दिली. आयआयटी मद्रासच्या एआय४भारत या गटानं २०२३ मध्ये घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ही भाषांसाठी भाषांतराचं मॉडेल खुलं केलं. अजून खूप बाकी आहे. देवनागरी मजकुराचे टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचतं ते) जास्त पडतात, त्यामुळे मॉडेल एका वेळी वाचू शकतं तेवढ्याच खिडकीत मराठी कमी मावतं आणि खर्च वाढतो. बऱ्याच चाचण्या इंग्रजीतून भाषांतरित केलेल्या आहेत, त्यामुळे ‘मराठी येतं’ हा निकालच तपासायला हवा. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणीत ही मॉडेलं कुठे कोसळतात, हा चांगल्या प्रबंधाचा विषय आहे. त्याला भाषा जाणणारी माणसं आणि काळजीपूर्वक केलेलं लेबलिंग लागतं.

‘मोठ्या परिषदेत लागला तरच पेपर, नाहीतर फुकट’

हा सर्वांत घातक मुद्दा, कारण तो विद्यार्थी स्वतःही मानू लागतात आणि एका नकारानंतर विषयच सोडतात.

एआयमध्ये परिषदांना नियतकालिकांपेक्षा जास्त वजन आहे हे खरं. न्यूरिप्स या मोठ्या परिषदेकडे २०२३ मध्ये १२,३४३ पेपर आले आणि २६.१ टक्के स्वीकारले गेले. २०२४ मध्ये १५,६७१ पैकी २५.८ टक्के. पण या चाळणीचीच तपासणी आयोजकांनी दोनदा केली आहे. २०१४ मध्ये १६६ पेपर दोन स्वतंत्र समित्यांकडे दिले, तेव्हा सुमारे २६ टक्के पेपरांवर दोन्ही समित्यांचे निर्णय उलटे आले. म्हणजे एका समितीनं स्वीकारलेल्या पेपरांपैकी निम्म्याहून अधिक दुसरीनं नाकारले. २०२१ मध्ये ८८२ पेपरांवर तोच प्रयोग केला. मतभेद २३ टक्के. अगदी कच्चे पेपर दोन्हीकडे पडतात, अगदी उत्तम दोन्हीकडे लागतात, आणि मधल्या मोठ्या पट्ट्यात समीक्षक कोण मिळाला यावर बरंच ठरतं.

म्हणून एका पेपरासाठी दोन-तीन फेऱ्या सुरुवातीपासूनच धरायच्या. न्यूरिप्सची मुदत मे महिन्यात असते आणि निकाल सप्टेंबरच्या उत्तरार्धात. आयसीएलआर या दुसऱ्या मोठ्या परिषदेची मुदत त्याच सुमाराला येते आणि निकाल जानेवारीत. त्यानंतर लगेच आयसीएमएल या तिसऱ्या परिषदेची मुदत. नकार आणि पुढची मुदत यांत कधी आठवडाच मिळतो. तेवढ्यात नवे प्रयोग होत नाहीत, त्यामुळे पेपर सादर केल्यावर स्वस्थ न बसता समीक्षक काय विचारतील ते प्रयोग निकालाची वाट पाहतानाच चालवून ठेवावे लागतात. समीक्षा आल्यावर तीन ढीग करायचे: खरी चूक, स्पष्ट न लिहिल्यामुळे झालेला गैरसमज, आणि आवडीनिवडीचं मत. पहिल्यासाठी प्रयोग, दुसऱ्यासाठी परिच्छेद नव्यानं लिहिणं. तिसऱ्यामागे धावू नये. आयसीएलआरच्या समीक्षा ओपनरिव्ह्यू या संकेतस्थळावर सर्वांना दिसतात. पहिला पेपर लिहिण्याआधी आपल्या विषयातल्या वीस-पंचवीस पेपरांच्या समीक्षा वाचाव्यात, स्वीकारलेल्या आणि नाकारलेल्या दोन्ही. एवढं उपयोगी प्रशिक्षण दुसरीकडे फुकट मिळत नाही.

परिषदांबाहेरही चांगली दारं आहेत. २०२२ मध्ये सुरू झालेलं टीएमएलआर हे नियतकालिक वर्षभर पेपर घेतं आणि दोनच गोष्टी विचारतं: दाव्यांना पुरेसा पुरावा आहे का, आणि कोणाला तरी यात रस असेल का. जेएमएलआर हे नियतकालिक तर दशकांपासून मोफत आहे. दोघांकडेही छापायला पैसे लागत नाहीत.

‘मग मिळेल तिथे छापा, आकडा वाढवा’

हा सल्ला पाळू नका. पैसे भरा, आठवड्यात छापतो म्हणणाऱ्या नियतकालिकातला पेपर कायम तुमच्या नावावर राहतो आणि निवड समितीला तो पहिल्या नजरेत दिसतो. ज्या नियमाच्या धाकानं हे छापलं जायचं तो नियमही आता नाही. यूजीसीनं २०२२ च्या नियमावलीत प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत मान्यताप्राप्त नियतकालिकांची केअर यादीही बंद केली. काही विद्यापीठांनी स्वतःची अट ठेवली आहे. ती पीएचडी विभागाकडून लेखी मागून घ्या. ‘सर म्हणाले’ एवढ्यावर विसंबू नका.

‘पैसे तुटपुंजे’

हा मुद्दा बराचसा खरा आहे, म्हणून पूर्ण हिशेब मांडू. १ जानेवारी २०२३ पासून नेटमधून मिळणारी जेआरएफ ही अधिछात्रवृत्ती ३७,००० आणि तिच्यापुढची एसआरएफ ४२,००० रुपये महिना. पहिली दोन आणि पुढची तीन वर्षं धरून पाच वर्षांत २४ लाख होतात, घरभाडं वेगळं. पीएमआरएफ, म्हणजे पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती, मिळाली तर महिना ७०, ७५ आणि ८० हजारांच्या दरानं पाच वर्षांत ४५ लाख, शिवाय वर्षाला दोन लाखांचं संशोधन अनुदान. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही अधिछात्रवृत्त्या आहेत. त्यांचे हप्ते उशिरा येऊ शकतात, तेव्हा काही महिन्यांचा खर्च हाताशी असल्याशिवाय नोकरी सोडू नये. हिंजवडीतल्या पगाराशी यातलं काहीच बरोबरी करत नाही, आणि घरची जबाबदारी असलेल्यानं त्या कारणानं नाही म्हटलं तर त्यात काही चूक नाही.

पुढची नोकरी कुठे आहे यावर मोठा फरक पडतो. आयआयटीत तीन वर्षांच्या अनुभवानंतरच्या सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन १,०१,५०० रुपये, वर महागाई आणि घरभाडं. यूजीसीच्या वेतनश्रेणीत सुरुवात ५७,७०० पासून. पण महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत कायम जागा निघेपर्यंत अनेकजण वर्षानुवर्षं सीएचबीवर, तासिकेच्या हिशेबानं शिकवतात. अशा मोठ्या वर्कलोडमध्ये संशोधन थांबतं. फक्त आपल्याच जिल्ह्यात नोकरी हवी असेल, तर हे वास्तव प्रवेशाआधीच समजून घेतलं पाहिजे.

‘दोन वर्षांत सगळं जुनं’

साधनं जुनी होतात. रेषीय बीजगणित, संभाव्यता, ऑप्टिमायझेशन आणि प्रयोगाची रचना जुनी होत नाही. २०२४ चा संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार बार्टो आणि सटन यांना ज्या रीइन्फोर्समेंट लर्निंगसाठी (बक्षिसातून शिकण्याच्या पद्धतीसाठी) मिळाला, ते काम त्यांनी १९८० च्या दशकात सुरू केलं होतं.

‘पीएचडी नसलेलेच पुढे गेले’

ॲलेक रॅडफर्ड यांचं नाव इथे नेहमी येतं आणि ते बरोबर आहे. जीपीटी मालिकेतल्या सुरुवातीच्या कामाचे ते मुख्य लेखक आणि त्यांच्याकडे पीएचडी नाही. रिसर्च इंजिनिअर व्हायचं असेल तर पदवी आणि दाखवता येईल असा चांगला कोड पुरतो. प्राध्यापक व्हायचं असेल तर नियम पाहा. आयआयटीत पीएचडी लागतेच. यूजीसीच्या महाविद्यालयांत २०२३ च्या दुरुस्तीनंतर सहायक प्राध्यापकाला नेट किंवा सेट पुरते. अभियांत्रिकी महाविद्यालयांत एमई-एमटेकवर सहायक प्राध्यापक होता येतं, पण सहयोगी प्राध्यापकपदासाठी पीएचडी लागते.

वर्षं खरोखर वाया जातात ती चुकीच्या मार्गदर्शकाकडे, आणि त्याबद्दल संदेशात एक अक्षर नाही. प्रवेश घेण्याआधी त्यांच्या शेवटच्या पाच विद्यार्थ्यांची नावं काढा. किती वर्षं लागली, मध्येच कोणी सोडलं का, आता ते कुठे आहेत, आणि पेपरांवर पहिलं नाव विद्यार्थ्याचं असतं का, हे पाहा. सध्याच्या दोन विद्यार्थ्यांना सर किंवा मॅडम समोर नसताना फोन करा आणि विचारा, शेवटची सविस्तर चर्चा कधी झाली. यूजीसीच्या नियमानुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगीला सहा आणि सहायकाला चार विद्यार्थी घेता येतात. यादी भरलेली असेल तर तुमच्या वाट्याला किती वेळ येईल ते थेट विचारा. किमान मुदत तीन वर्षं, कमाल सहा. कोर्सवर्क संपेपर्यंत प्रश्न ठरला नसेल किंवा भेटीच होत नसतील, तर मार्गदर्शक बदलण्याचा अर्ज त्याच वर्षी करा. चौथ्या वर्षी तो मंजूर झाला तरी काम पहिल्यापासून सुरू करावं लागतं.